चिलट अजून उडते आहे

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत बंगळूर येथे दिलेल्या भाषणाचा मजकूर)



व्याख्यानमालेच्या चिटणिसांनी आमच्याकडे विषय मागितला, तेव्हा त्यांची अपेक्षा बहुधा प्रवासवर्णनाची असावी. लेकीकडे विलायतेस जाऊन आलेल्या माणसाने परतल्यावर टेम्सवरचे पूल, राजवाडा आणि तेथील स्वच्छता यांवर तासभर बोलावे, अशी आपल्याकडे रीतच पडून गेली आहे. ती स्थळे आम्ही उभयतांनी यथासांग पाहिली. परंतु आज बोलायचे आहे ते एका विमानाविषयी. आणि तेही या सभागृहातल्या खुर्च्या बाजूला सारल्या तर आरामात मावेल, एवढ्याशा लढाऊ विमानाविषयी.

त्याचे नाव नॅट. इंग्रजीत नॅट म्हणजे चिलट. आज समोर बसलेल्या मंडळींत पाचसहा कुटुंबे तरी अशी आहेत, की ज्यांचे या शहरातले पहिले भाड्याचे बिऱ्हाड या चिलटाच्या जिवावर उभे राहिले. आमचे त्यांपैकीच एक. म्हणून विषय परदेशातला वाटला, तरी तो तितकासा परका नाही.

नॅटची कल्पना ज्याच्या डोक्यातून निघाली तो डब्ल्यू. ई. डब्ल्यू. पेटर हा विलक्षण माणूस होता. आपल्या वायुदलाने दीर्घकाळ वापरलेले कॅनबेरा हे बॉम्बफेकी विमानही त्याचेच. १९५० च्या आसपास लढाऊ विमाने वर्षागणिक अधिक जड, अधिक गुंतागुंतीची आणि अधिक महाग होत चालली होती. पेटर म्हणाला, हे चुकते आहे. लढाऊ विमान लहान, हलके आणि स्वस्त असले पाहिजे. साउदॅम्प्टनजवळ हँबल येथील फोलंड या छोट्या कंपनीत त्याने ते करून दाखवले. १९५४ साली 'मिज' नावाचा त्याचा कमी शक्तीचा पूर्वावतार उडाला आणि १८ जुलै १९५५ रोजी खरे नॅट. पंखांचा विस्तार सुमारे २२ फूट आणि लांबी सुमारे ३० फूट. त्या काळच्या हंटर विमानाशी तुलना केली, तर रिकाम्या नॅटचे वजन हंटरच्या एक तृतीयांशाच्या आसपास भरे. पेटरचे पुढे काय झाले, हे ऐकून आम्हांला नेहमीच नवल वाटत आले आहे. १९५९ साली त्याने विमानांचा धंदा सोडला आणि तो स्वित्झर्लंडमध्ये एका धार्मिक समुदायात जाऊन राहिला. आपले विमान युद्धात काय करून दाखवते हे कळण्याआधीच त्याने त्याकडे पाठ फिरवली होती.

ब्रिटिश वायुदलाने एकआसनी नॅट तपासले आणि लढाऊ विमान म्हणून नाकारले. फिनलंडने तेरा घेतली, युगोस्लाव्हियाने दोन. खरा आश्रय मिळाला तो भारतात. १९५६ साली करार झाला आणि नॅट येथे, बंगळुरात, बांधले जाऊ लागले. ज्या कारखान्यात ते बांधले गेले त्याची मुहूर्तमेढ सोलापुरात जन्मलेल्या वालचंद हिराचंदांनी १९४० साली म्हैसूर सरकारच्या साहाय्याने रोवली होती, हे आपल्या मुलांना माहीत असावे. आणि त्याच कारखान्यात कोल्हापूरकडचे डॉ. विष्णु माधव घाटगे, जर्मनीत गॉटिंगेन येथे प्राण्ट्लसारख्या गुरूजवळ शिकून आलेले, यांच्या नेतृत्वाखाली एच. टी. २ हे भारतीय बनावटीचे प्रशिक्षण विमान १९५१ साली उडाले. मराठी माणूस या शहरात केवळ बदलीवर आला, असे जे म्हणतात त्यांच्यासाठी एवढा उल्लेख पुरे.

आम्ही १९७१ च्या जुलैत शिकाऊ म्हणून कारखान्यात लागलो. सांगलीहून आलो होतो. कन्नडचा गंध नव्हता आणि इंग्रजी परीक्षेपुरते होते. आम्हांला घातले ते हायड्रॉलिकच्या नळ्यांवर. ज्यांना हा प्रकार ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. विमानाची चाके आत-बाहेर करणे, शेपटीचा आडवा पंख वरखाली फिरवणे, ही कामे दाबाखालच्या तेलाने होतात, आणि ते तेल बोटाएवढ्या नळ्यांतून विमानभर खेळवलेले असते. नॅटची आडवी शेपटी अखंड हलणारी. त्यामुळे ती नळी म्हणजे वैमानिकाच्या प्राणाची नाडीच. शिवाय या विमानाला हवेत वेग कमी करण्यासाठी वेगळे ब्रेक नव्हते. चाके थोडीशी बाहेर काढायची, म्हणजे त्यांची झाकणे वाऱ्याच्या आड येऊन गती कमी होई. एकाच वस्तूकडून दोन कामे करून घेण्याची ही काटकसर आमच्या मध्यमवर्गीय मनाला फार आवडे.

पण या काटकसरीचा भुर्दंड दुरुस्ती करणाऱ्यास बसे. एवढ्याशा धडात इंजिन, इंधनाच्या टाक्या, दोन तोफा, वैमानिक आणि त्याची खुर्ची, सगळे ठासून भरलेले. एक वस्तू काढायची तर आधी तीन वस्तू काढाव्या लागत. दिसत नाही अशा ठिकाणी हात घालून केवळ बोटांच्या अंदाजाने नट बसवायचा. ज्याचे हात बारीक त्याला मागणी फार. आमचे हात त्या वेळी बारीक होते. उजव्या हाताच्या पाठीवरचा हा व्रण त्याच काळातला. याविषयी पुढे बोलावयाचे आहे, म्हणून आताच सांगून ठेवतो.

नॅटचे नाव सर्वतोमुखी झाले ते १९६५ च्या युद्धात. ३ सप्टेंबर १९६५ रोजी स्क्वाड्रन लीडर ट्रेव्हर कीलर यांना पहिले सेबर पाडल्याचे श्रेय मिळाले आणि वृत्तपत्रांनी या विमानाला सेबरचा काळ ठरवले. सेबर आकाराने मोठे आणि नावाजलेले. त्यापुढे नॅट म्हणजे ससाण्यापुढे चिमणी. पण लहान वस्तू आकाशात दिसत नाही, आणि दिसली तेव्हा उशीर झालेला असतो. अर्थात सगळे गोडच होते असे नाही. तोफा ऐन वेळी अडकत, हे त्या युद्धातल्या वैमानिकांनीच सांगितले आहे. आणि त्याच ३ सप्टेंबरला एक नॅट सीमेपलीकडे पसरूरच्या धावपट्टीवर उतरले, वैमानिक कैद झाला. ते विमान आजही कराचीच्या वायुदल संग्रहालयात मांडलेले आहे. विजयाच्या गोष्टी सांगताना ही गोष्ट वगळू नये, असे आम्हांला वाटते.

२२ नोव्हेंबर १९७१ ही तारीख मात्र आमच्या स्वतःच्या आठवणीतली आहे. युद्ध अजून जाहीर झालेले नव्हते. बंगालच्या सीमेवर बोयरा येथे चार नॅट आणि सेबर विमाने समोरासमोर आली. आपल्या बाजूला मॅसी, गणपती, लाझरस आणि सोआरेस हे चौघे होते. काही मिनिटांत दोन सेबर कोसळली आणि तिसरे जखमी होऊन परतले. हवाई छत्रीने उतरलेले दोन वैमानिक आपल्या हाती लागले. त्यांपैकी परवेझ मेहदी कुरेशी हे पुढे १९९७ साली पाकिस्तानच्या वायुदलाचे प्रमुख झाले. बातमी आली तेव्हा आम्ही कँटीनमध्ये रांगेत होतो. आम्हांला कामाला लागून चारच महिने झाले होते. त्या चार विमानांत आमच्या हातचे काही असणे शक्यच नव्हते. तरीही त्या दिवशी बिऱ्हाडी पोचल्यावर आम्ही वडिलांना जे पत्र लिहिले, त्यात 'आपली विमाने' असे शब्द होते, आणि ते लिहिताना लाज वाटली नव्हती. त्यानंतर तीन आठवड्यांनी, १४ डिसेंबरला, श्रीनगरच्या धावपट्टीवर बॉम्ब पडत असताना फ्लाइंग ऑफिसर निर्मलजितसिंग सेखों यांनी नॅट उडवले आणि सहा सेबरशी झुंज देत वीरगती पत्करली. वायुदलाला मिळालेले एकमेव परमवीरचक्र ते हेच.

पुढचा इतिहास थोडक्यात उरकतो. १९७५ साली, म्हणजे आपले मंडळ स्थापन झाले त्याच वर्षी, नॅटची सुधारलेली आवृत्ती 'अजित' प्रथम उडाली. सत्तरीच्या दशकाअखेर नॅट निवृत्तीस लागली आणि १९९१ मध्ये अजितही. भारताने दोनशेहून अधिक नॅट वापरली. आज त्यांपैकी एकही आपल्या आकाशात उडत नाही. पालमच्या संग्रहालयात एक आहे. ठिकठिकाणी चौकांत, छावण्यांच्या दारांत चौथऱ्यांवर चढवलेली आहेत. वर्षातून एकदा रंगाचा हात मारतात. एका गावी आम्ही पाहिले तेव्हा हवा शिरण्याच्या तोंडात पारव्यांनी घरटे केले होते. मुद्दाम गावाचे नाव सांगत नाही. पारव्यांची काही चूक नव्हती.

विलायतेत मात्र या विमानाचे भाग्य वेगळे निघाले. ज्या ब्रिटिश वायुदलाने लढाऊ नॅट नाकारले, त्यानेच त्याचे दोनआसनी प्रशिक्षण विमान करून १०५ घेतली. वेल्समधील व्हॅली येथे वैमानिकांच्या पिढ्या त्यावर शिकल्या. 'रेड ॲरोज' हे कवायती पथक १९६५ पासून १९७९ पर्यंत तांबड्या नॅटवरच कसरती करी. पुढे हॉक विमाने आली, नॅट विक्रीस निघाली, आणि काही हौशी मंडळींनी ती विकत घेऊन पुन्हा उडती केली. लंडनच्या ईशान्येस एसेक्स परगण्यात नॉर्थ वील्ड नावाचा जुना वायुतळ आहे. तेथून अशी नॅट अजून उडतात.

आता आम्हांस एक कबुली द्यावयाची आहे. २०१५ च्या १ ऑगस्टला चेशर परगण्यात मोटारींच्या एका जत्रेत कसरत करताना अशाच एका नॅटचा अपघात होऊन वैमानिक मरण पावला. तीन आठवड्यांनी, २२ ऑगस्टला, शोरहॅम येथे एक जुने हंटर रस्त्यावर कोसळले आणि अकरा माणसे गेली. ती माणसे विमाने पाहायलासुद्धा आलेली नव्हती सगळी. काही जण नुसते रस्त्याने चालले होते. तेथील सरकारी यंत्रणेने त्यानंतर जुन्या जेट विमानांच्या कसरतींवर कडक बंधने घातली. त्या वर्षी गणेशोत्सवात याच व्यासपीठावर एक लहानसा परिसंवाद झाला होता. काहींना आठवत असेल. त्यात आम्ही छातीठोकपणे म्हणालो होतो, की जुनी लढाऊ विमाने संग्रहालयातच शोभतात, त्यांना उडवणे हा पैसेवाल्यांचा पोरखेळ आहे. टाळ्याही मिळाल्या होत्या.

२०२३ च्या जुलैत आम्ही लेकीकडे होतो. जावईबापूंना आमचा पूर्वेतिहास ठाऊक. त्यांनी एका शनिवारी आम्हां उभयतांना आणि आठ वर्षांच्या नातवाला बरोबर घेतले. लंडनच्या भुयारी गाडीने एपिंगपर्यंत गेलो. तेथून पुढे एक जुनी लाल बस मिळाली, आपल्या लहानपणी मुंबईच्या चित्रांत असे तशी. ती बसही जपलेलीच. नॉर्थ वील्डला वायुतळाशेजारी एक लहान रेल्वेही हौशी लोकांनी जिवंत ठेवली आहे. कोळशाचे इंजिन तेथे चालते. आमच्या सौभाग्यवती म्हणाल्या, "या लोकांना टाकून द्यायला काही जमत नाही वाटते." त्यांच्या म्हणण्यात कौतुक किती आणि टीका किती, ते आम्हांस अजून उलगडलेले नाही. आमच्या घरातल्या माळ्याचा संदर्भ त्याला होता, हे उघड आहे.

वायुतळ मोठा आणि उघडा. दुसऱ्या महायुद्धात येथून हरिकेन उडाली, नॉर्वेच्या तुकड्या येथे होत्या. १९६४ साली वायुदलाने तो सोडला. कुंपणाजवळ दहाबारा माणसे घड्या घालायच्या खुर्च्या घेऊन बसली होती. त्यांत आमच्या वयाचे एक गृहस्थ होते. आम्ही विमानाकडे बोट दाखवून नातवाला मराठीत काही समजावत होतो, तेव्हा त्यांनी विचारले, "आपण यावर काम केले आहे काय?" आमच्या बोटाच्या रोखावरूनच त्यांनी ओळखले, असे ते पुढे म्हणाले. बघे लोक विमानाच्या नाकाकडे बोट दाखवतात; आम्ही चाकाच्या खोबणीकडे दाखवत होतो.

हे गृहस्थ तरुणपणी व्हॅलीला मेकॅनिक होते. पाचसहा वर्षे त्यांनी नॅट सांभाळली होती. आम्ही बंगळूरचे, म्हटल्यावर त्यांचा पहिला प्रश्न युद्धांविषयी नव्हता. ते म्हणाले, "तुमचीही सालपटे निघत असत ना?" आणि त्यांनी हात पुढे केला. त्यांच्या उजव्या हाताच्या पाठीवर, करंगळीच्या मुळापासून थोडा वर, पांढरा व्रण होता. आम्ही आपला हात त्याशेजारी धरला. दोघांचा व्रण एकाच जागी. नातवाने दोन्ही हात पाहिले आणि गंभीरपणे विचारले, "आजोबा, तुमची मारामारी झाली होती का?" त्याचे भाषांतर करून सांगितल्यावर ते गृहस्थ बराच वेळ हसत राहिले.

विमान पिवळे होते. १९६४ मध्ये, रेड ॲरोजच्याही आधी, पिवळ्या नॅटचे एक पथक होते. त्याचा तो रंग. दोन आसनांमुळे नाक लांब, पंख थोडे मोठे, आमच्या एकआसनी नॅटहून चेहरा वेगळा. प्रथम मनाला परकेपणा वाटला, नाकारत नाही. एखाद्या जिवलग मित्राचा चुलतभाऊ भेटावा तसे. मग त्याचे इंजिन सुरू केले. या इंजिनाला चालू करण्यासाठी बाहेरून दाबाची हवा द्यावी लागते. ती देणारे यंत्र आधी कर्कश ओरडू लागते, आणि त्या ओरडण्याच्या आतून हळूहळू दुसरा स्वर वर येतो, शिटीसारखा बारीक आणि चढत जाणारा. तो ऑर्फियसचा स्वर. हे इंजिन बंगळुरात बनत होते. आपल्या मारुत विमानात तेच होते, 'किरण'च्या दुसऱ्या आवृत्तीतही तेच. सूर्यकिरण पथक येलहंक्याला उडत असे तेव्हा आपण सर्वांनी तो ऐकलेला आहे. परंतु नॅटच्या पोटातून तो आम्ही चार दशकांहून अधिक काळ ऐकला नव्हता. आमच्या सौभाग्यवतींनी आमचा दंड धरला. त्या कारखान्याच्या वसाहतीत राहिलेल्या. स्वयंपाक करताना हाच आवाज ऐकत असत. त्यांनी त्या वेळी काही म्हटले नाही.

विमान धावले, आणि पाहता पाहता उचलले गेले. चाके आत गेली. आमचे डोळे तिकडेच होते. दोन्ही चाके, पुढचे चाक, झाकणे एकामागोमाग एक बंद. मग ते वळून धावपट्टीवरून सरळ गेले, बेताच्या उंचीवरून. भरधाव नव्हे. तेथे आता कसरती पूर्वीसारख्या होत नाहीत, आणि आम्हांला त्या नकोच होत्या. डोक्यावरून गेले तेव्हा आधी नुसता एक पिवळा ठिपका आणि शिटी, मग एकदम आवाजाचा लोट, मग पुन्हा ठिपका. बोयराला सेबरच्या वैमानिकांना काय दिसले नसेल, ते आम्हांला त्या क्षणी कळले. एवढी वर्षे आम्ही ते विमान घोडीवर उभे असलेलेच अधिक पाहिले होते. हवेतले नॅट आमच्या वाट्याला कामाच्या गर्दीत, तेही खिडकीतून, आले होते.

दहाबारा मिनिटांत सारे आटोपले. उतरल्यावर त्या मेकॅनिक मित्राने जे सांगितले ते तुमच्यापुढे ठेवणे आम्हांस महत्त्वाचे वाटते. ते म्हणाले, उड्डाण दहा मिनिटांचे असते, पण त्यामागे हिवाळाभराचे काम असते. पत्रे तपासायचे, बारीक चीर गेली आहे का हे पाहायचे, गंज शोधायचा, रबरी नळ्या आणि जोडांतले वॉशर बदलायचे. वैमानिकाला बाहेर फेकणारी जी खुर्ची असते तिच्यातील दारूच्या काडतुसांना मुदत असते. ती संपली की नवी मिळवणे हे वर्षागणिक कठीण होत जाते. व्हल्कन नावाचे प्रचंड बॉम्बफेकी विमान असेच उडते ठेवले होते. मूळ कंपन्यांनी जबाबदारीतून अंग काढून घेतल्यावर २०१५ साली ते कायमचे खाली बसले. "नॅटचे पत्रे आणखी टिकतील," ते म्हणाले, "माणसे आधी संपतील. कुठला जोड कसा घट्ट करायचा हे पुस्तकात आहे, पण किती घट्ट केल्यावर थांबायचे, हे पुस्तकात नाही."

हे वाक्य आम्ही परतीच्या बसमध्ये घोळवत राहिलो. २०१५ मध्ये आम्ही जे बोललो होतो ते सर्वस्वी चूक होते असे आजही म्हणवत नाही. शोरहॅमच्या रस्त्यावर गेलेल्या माणसांच्या घरच्यांना उडत्या वारशाचे कौतुक कोणत्या तोंडाने सांगावे? वस्तीवर, रस्त्यांवर कसरती करणे बंदच असावे. परंतु 'पोरखेळ' हा जो शब्द आम्ही वापरला होता, तो आज याच व्यासपीठावरून परत घेतो. चौथऱ्यावरचे विमान रंगाऱ्याला लागते. उडत्या विमानाला फिटर लागतो, आणि म्हातारा फिटर तरुण फिटर तयार करतो. त्या हँगरच्या दाराशी आम्ही पंचविशीतला एक मुलगा पाहिला. त्याचे हात बारीक होते आणि बोटांना तेल होते. आमच्या चौथऱ्यांवरच्या दोनशेंतल्या एकाच्याही आसपास असा मुलगा आम्हांला दिसलेला नाही.

मग भारतात एक नॅट उडते करता येईल काय? हा प्रश्न आम्हांला परतल्यावर अनेकांनी विचारला. आपल्या वायुदलाचे जुन्या विमानांचे पथक आहे. त्यात टायगर मॉथ, हार्वर्ड आणि २०१८ साली विलायतेहून उडत आलेले 'परशुराम' नावाचे डाकोटा आहे. ही सगळी पंख्याची विमाने. जेट एकही नाही. जेटचे काम कितीतरी पटींनी अवघड, आणि त्यात तरुण वैमानिकाचा जीव पणाला लागतो. आमच्या हाती निर्णय असता तर? प्रामाणिकपणे सांगायचे तर आम्ही सकाळी हो म्हणतो आणि रात्री नाही. इंजिन तरी चालते ठेवावे, चाके आत-बाहेर होतील इतपत एक विमान जिवंत ठेवावे, वर्षातून एकदा धावपट्टीवर नुसते धावू द्यावे, एवढ्यावर आमचे मन सध्या येऊन थांबले आहे. तेवढ्यासाठीही फिटर लागेलच. पण तो आता शोधावा लागेल. आमच्या पाळीतल्या नळ्यांवरच्या सहा जणांपैकी आम्ही दोघे उरलो आहोत, आणि दुसऱ्याला हल्ली नीट दिसत नाही.

एक गोष्ट सांगून थांबतो. शिकाऊ असताना आम्ही एक वही ठेवली होती. इंग्रजी कच्चे, म्हणून प्रत्येक नळीची आकृती काढून शेजारी मराठीत टिपण: कुठून निघते, कुठे वळते, कुठला जोड आधी, कुठे हात अडकतो. कुंपणापाशी बोलता बोलता आम्ही त्या वहीचा उल्लेख केला. परत आल्यावर लेकीच्या आग्रहाने पानांची छायाचित्रे काढून त्या गृहस्थांना पाठवली. मराठी त्यांना कुठून येणार? पण पंधरा दिवसांनी उत्तर आले. सतराव्या पानावरच्या आकृतीवर त्यांनी लाल शाईने एक नळी वेगळी वळवून दाखवली होती आणि खाली लिहिले होते, की एकआसनीचे ठाऊक नाही, दोनआसनीत ही अशी जाते, आणि आपली आकृती चुकीची असल्यास एका मुलाचा हात विनाकारण सोलवटेल. आम्ही तीन दिवस विचार केला. ज्याला नीट दिसत नाही त्या सहकाऱ्याकडे जाऊन वही वाचून दाखवली. त्याने डोळे मिटून हवेत हात फिरवला आणि सांगितले, आमचेच बरोबर. एकआसनीत ती डावीकडूनच जाते. तसे आम्ही कळवले आहे.

ती वही आज बरोबर आणली आहे. भाषणानंतर पुस्तकविक्रीच्या टेबलाशेजारी ठेवू. ज्यांना पाहायची आहे त्यांनी अवश्य पाहावी. मात्र शिवण सुटली आहे, तेव्हा पाने जपून उलटावीत, आणि सतरावे पान वेगळ्या पाकिटात आहे ते पुन्हा त्याच पाकिटात ठेवावे, ही विनंती.